दोमेंतीचं फेजोआ

गुरिया प्रांतातल्या डोंगरउतारावर राहणारा दोमेंती आयुष्यभर ओझुर्गेती शहराची बस चालवून निवृत्त झाला. त्याची बस कधी उशिरा सुटली नाही, वेळेआधीच सुटायची. मागून धावत येणारी माणसं त्याला आरशात दिसायची. "उद्या या," असं तो आरशाला सांगायचा. गुरियातले लोक मुळातच उतावळे, पण त्यांनाही दोमेंती जरा अती वाटायचा.

अंगणाच्या कडेला, उतार सुरू होतो तिथे, त्याच्या बापाने लावलेलं फेजोआचं मोठं झाड होतं. हे फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, रंगावरून काही कळत नाही. दोमेंतीला ते सोयीचंच होतं. ऑक्टोबर लागला की तो शिडी लावायचा आणि हाताला येतील ती फळं ओरबाडायचा. आतून पांढरी, दगडासारखी, तुरट. बायको जुजुना ती किसून त्यात दुप्पट साखर घालायची. पाहुणे एक चमचा खायचे आणि पाणी मागायचे.

"फेजोआ असंच असतं," दोमेंती सांगायचा. "औषधी आहे."

उताराकडच्या फांद्यांना शिडी टेकत नसे. तिकडची फळं हलक्या जातीची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

एका वर्षी शिडी घसरली आणि पाय मोडला. प्लास्टर घालून त्याला व्हरांड्यात बसवलं. फळं झाडावरच राहिली. नोव्हेंबरात ती आपोआप गळू लागली. गवतावरून गडगडत, कुंपणाखालच्या फटीतून थेट लामझिराच्या परसात. लामझिरा म्हणजे खालच्या घरातली विधवा, शाळेत दोमेंतीच्याच वर्गात असलेली. ती टोपली घेऊन उभीच होती.

"लामझिरा! काय चाललंय?"

"वेचतेय."

"माझी फळं?"

"वर होती तोवर तुझी होती."

"कधीपासून वेचतेस?"

"या बाजूची? नवरा होता तेव्हापासून. यंदा सगळंच झाड पावलं. पाय कसा आहे?"

"दुखतोय."

"सावकाश बरा होऊ दे. घाई नको."

दुपारी जुजुना खालून येताना बशीभर फळं घेऊन आली. दोमेंतीने एक कापलं. आतला गर काचेसारखा नितळ झाला होता आणि वास व्हरांडाभर पसरला. त्याने ते खाल्लं. मग दुसरं खाल्लं. बघता बघता बशी रिकामी झाली.

"तुला माहीत होतं?"

"रोज खाली जाते ती काय नुसत्या कॉफीसाठी?"

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. म्हटलं, गळेपर्यंत थांब. 'थांब' म्हटल्यावर तू उठून गेलास."

दोमेंतीला राग आला नाही, याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्याला बाप आठवला. शेवटच्या आजारात बापाने फेजोआ मागितलं होतं आणि दोमेंतीने धावत जाऊन कच्चंच तोडून आणलं होतं. म्हाताऱ्याने ते सगळं खाल्लं, "छान आहे" म्हणाला. हे त्याने जुजुनाला सांगितलं नाही. रिकामी बशी मात्र बराच वेळ त्याच्या मांडीवर होती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शिडी बाहेर निघाली नाही. नोव्हेंबरात दोमेंती झाडाखाली उभा राहून एकेका फळाखाली तळहात धरायचा आणि ते हळूच उचलून बघायचा. पिकलेलं असलं की ते देठ सोडून हातात येतं, असं लामझिराने शिकवलं होतं.

"ओढू नकोस रे!" ती खालून ओरडली.

"ओढत नाहीये."

"मग तोंड असं का केलंयस?"

"थांबतोय."

थोड्या वेळाने एक फळ हातात आलं. आपोआप गळालेली बाकीची त्याच्या पायाजवळून गडगडत खाली गेली. कुंपणाखालची फट बुजवायला त्याने सकाळीच एक फळी ठोकली होती. ती अर्ध्यापर्यंतच पुरली, आणि दुसरी शोधायला तो गेला नाही.