कोऱ्या काचेतलं लोखंड

गोंदियाच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो आणि मागच्या खोलीत काचेच्या तुकड्यांवर झिंक ऑक्साइडचे थर चढवतो. थर इतका पातळ, की काचेवर नुसती झाक दिसते. त्यात थोडं मँगनीज मिसळलं तर हा अर्धवाहक खोलीच्या साध्या तापमानालाही चुंबक होतो का, एवढाच माझ्या पीएचडीचा प्रश्न. चुंबकत्व मोजायला नमुने दूरच्या संस्थेत पाठवावे लागतात.

तिकडून आलेख आला तो सुरेख वळसा घेऊन. वळसा म्हणजे चुंबक. मी स्टाफरूममध्ये आलूबोंडे वाटले, शोधनिबंध पाठवून दिला आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मनातल्या मनात लिहूनही टाकलं.

आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, मामा, आधी राइस मिलमध्ये होते. तिथे धान यंत्रात पडण्याआधी चुंबकावरून सरकतं, खिळे-तारा चिकटतात, आणि पाळी संपली की चुंबक पुसून काय निघालं ते बघायचं. मामांना मी आलेख दाखवला. खरं तर मिरवला.

"लोखंड निघालं म्हणता?"

"लोखंड नाही मामा, चुंबकत्व."

"तेच जी. पण खिळा काही धानात पिकत नाही. पोत्यातून येते, नाही त फावड्यातून. तुमी हे काच कायनं धरता?"

गाईडनी मला प्लास्टिकचा चिमटा दिला होता. तो मला पोरकट वाटायचा. म्हणून घड्याळवाल्याकडून टोकदार पोलादी चिमटा आणला. तो हातात आला की मी स्वतःला शास्त्रज्ञ वाटायचो. मामांनी पट्टीचुंबक जवळ नेला. चिमटा टुणकन चिकटला. मामांनी तो ओढून सोडवला आणि माझ्या हातात परत दिला.

मी थर न चढवलेल्या दोन कोऱ्या काचा मोजायला पाठवल्या: एक पोलादी चिमट्यानं धरलेली, एक प्लास्टिकच्या. पोलादी चिमट्याची काच चुंबक निघाली, दुसरी नाही. कडेला घासून उरलेला लोखंडाचा कण पुरेसा होता. जिच्यावर मी काहीच केलं नव्हतं, त्या काचेनंही माझाच शोध लावला होता.

ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि मामा कुणाला सांगणारे नव्हते. निबंध स्वीकारला गेला असता, पदवीही मिळाली असती. मागे घ्यायचं पत्र तीन ओळींचं. मला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात तर मी सगळा दोष घड्याळवाल्यावर ढकलला होता. चौथ्या दिवशी पत्र गेलं. गाईड फोनवर म्हणाले, "सगळे थर पुन्हा करा."

पुन्हा केले, पोरकट चिमट्यानं. या वेळी आलेखात वळसा नव्हता, नुसती सरळ रेघ.

मामांनी बाक पुसता पुसता विचारलं, "निघालं काय लोखंड?"

"नाही निघालं."

"मंग धान साफ आहे जी," म्हणाले, आणि पुढचं बाक पुसायला लागले.