माशीची अंघोळ

सरकारी इस्पितळासमोरच्या मिठाईच्या दुकानात, जिलेबीच्या काचेवर बसून एक माशी पुढचे पाय एकमेकांवर चोळत होती. पंगतीला बसण्याआधी हात धुणाऱ्या पाहुण्यासारखी. मला तिचं कौतुकच वाटलं.

"भावजी, तिच्या स्वच्छतेवर जाऊ नका," वहिनी म्हणाल्या. त्या प्रयोगशाळेत जंतू तपासतात. "समोरच्या गटारावरून आली असेल. अशा माश्यांच्या अंगावर अँटिबायोटिकलाही दाद न देणारे जंतू सापडतात."

"त्यांना एवढं निर्ढावलेलं केलं कुणी?"

"तुमच्यासारख्यांनी! बरं वाटलं की गोळ्या बंद. उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि शेजारी कुणाला ताप आला की त्यातल्याच दोन द्यायच्या. अर्धवट मार खाऊन वाचलेले जंतू पुढच्या वेळी कशाला घाबरतील?"

माझा हात नकळत खिशाकडे गेला. डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या सांगितल्या होत्या. आज पाचवा दिवस, पण घसा मोकळा झाला म्हणून मी सकाळची गोळी घेतलीच नव्हती. दोन उरल्या होत्या, त्या शेजारच्या खोकणाऱ्या काकांना द्यायला निघालो होतो.

माशीने पाय झाल्यावर डोकं पुसलं, मग पंख. एवढासा जीव, पण अंघोळ अर्धवट सोडली नाही. आणि आपण? जिलेबीचा शेवटचा वेढा कधी टाकत नाही, शेवटची गोळी मात्र हमखास टाकतो.

मी पाणी मागून गोळी गिळली. मग काकांसाठी पाव किलो जिलेबी बांधून घेतली. काचेमागची नाही, थेट कढईतली.