बिनजाळ्याचा वाटा

गाव सोडलं त्या दिवशी माय एसटीपर्यंत आली नाही. तलावाच्या पाळीवरच थांबली, सुकवलेल्या झिंग्यांची पुरचुंडी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तिकडं कोनाचं फुकटचं खाऊ नको, बाई." नवरा बॅगा घेऊन पुढे गेला होता. त्याला गडचांदूरला सिमेंटच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम लागलं होतं. नागभीड सुटेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

माय असं बोलायची, पण आम्ही फुकटचंच खाऊन वाढलो, हे तिलाही ठाऊक होतं. आमची वस्ती ढिवरांची. उन्हाळ्यात तलाव उतरला की सगळे मिळून जाळी ओढतात आणि पाळीवर मासळीचे ढीग लावतात, घरटी एक. बाप गेल्यावर आमच्या घरी जाळं ओढणारं कोणी उरलं नाही, तरी एक ढीग आमचा असायचा. त्याला बिनजाळ्याचा वाटा म्हणत. माय लाजेनं टोपली पुढे करत नसे. मग वस्तीतले मोठे, मोतीरामभाऊ, स्वतःच टोपली ओढून घेत. "काऊन लाजतं व? तलाव ना तुह्या बापाचा, ना माह्या. घे."

गडचांदूरला भाड्याची खोली. धुतलेल्या ताटावरही संध्याकाळपर्यंत डस्ट बसायची. तिथे मला मुलगी झाली आणि चालायच्या आधीच ती न्यूमोनियानं आजारी पडली. दवाखाना चालू होता, तरी शेजारणीनं एका प्रार्थनेच्या मीटिंगला नेलं. तिथले ख्रिस्ती प्रचारक, त्यांना सगळे ब्रदर म्हणत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं ओरडायचे. मुलगी गेली. पुढच्या मीटिंगला ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बहिणी, तुझा विश्वास कमी पडला." मी मान खाली घालून घरी आले. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण हे लिहिताना अजून दात आवळले जातात. माझी लेक गेली आणि त्या माणसानं तिचं मरण माझ्याच पदरात बांधलं.

पुढे आमच्या गल्लीतल्या लहान चर्चचे म्हातारे पाळक घरी आले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, इतका राग होता. ब्रदरचं बोलणं तेवढं सांगितलं. ते माझ्यासमोर जमिनीवरच बसले. मग म्हणाले, "विश्वास ही तुझी कमाई नाही, ताई. तोही देवानंच द्यायचा असतो. आपण पापात मेलेले होतो. मेलेला माणूस हात पुढे करत नाही. येशूनं वधस्तंभावर सगळं पुरं केलं, तुझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. आणि ज्याला त्यानं धरलं, त्याला तो सोडत नाही."

मी चौथी शिकलेली. पण ते बोलत होते तेव्हा मला पाळीवरचा तो ढीग दिसत होता.

त्याच पाळकांकडे माझा बाप्तिस्मा झाल्याचं गावात कळलं आणि मायचा वाटा बंद झाला. मायनं फोनवर एवढंच सांगितलं, "तू येऊ नको." मी गेले. जाळी ओढायच्या दिवशीच गेले. ढीग लागले होते आणि माय रिकामी टोपली घेऊन दूर बसली होती.

मोतीरामभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आली का मॅडम? इसाई लोक तर तुले तांदूळ देतात म्हणे. मायले बी तिथंच ने."

लोक हसले. मी म्हटलं, "भाऊ, मायनं कोनतं जाळं ओढलं म्हून तुमी वाटा देत होते?"

"कोनतंच नाई."

"मंग मी काय केलं म्हून बंद केला? जे कमावलंच नोयतं, ते तिनं गमावलं कसं?"

कोणी हसलं नाही. मोतीरामभाऊंनी ढिगांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पण हात हलला नाही. ज्यांनी मला फुकट घ्यायला शिकवलं, त्यांचाच हात हलला नाही. हा राग मी गडचांदूरला परत आणला आणि तो अजून माझ्याजवळ आहे.

देवावरही आहे. त्यानं मला निवडलं, मग मायला का नाही? पाळकांना विचारलं तर म्हणतात, "अजून नाही, एवढंच म्हण." मी रोज तेवढंच म्हणते, तेही रागानंच.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. पण घर म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी कळलं. पाळीवरून मायनं मला दंडाला धरून नेलं. "किती बोलतं व, लोकाईत," म्हणाली. घरातल्या तिच्या देवापुढे दिवा लावला, माझ्याकडे न बघता. मग जुन्या झिंग्यांची भाजी केली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी हात लावत नव्हते. तिचा वाटा माझ्यामुळेच गेला होता.

माय चुलीकडे तोंड करून म्हणाली, "फुकटचं हाये. खाय."