दसऱ्याचा नारळ आणि टर्बोचे झटके

मंडळी, गॅरेजमधून सरळ सायबर कॅफेत आलोय. जीव अजून टांगणीला आहे.

सकाळी ओझरचे एक काका जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आले. दुपारी मुलीला मुंबईला विमानावर सोडायचं होतं. गाडी सावकाश नीट चालायची, पण इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोने जोर धरला की झटके खायची.

"टर्बो उतरवावा लागेल," आमचे उस्ताद सलीमभाई म्हणाले. म्हणजे दिवसभराचं काम, विमान चुकलंच.

"भाई, आधी प्लग बघू द्या," मी म्हणालो.

एका प्लगच्या खड्ड्यात पाणी होतं. बोटाला चिकट लागलं.

"काका, काल दसऱ्याला नारळ कुठे फोडलात?"

"चाकापुढेच. पाणी तेवढं इंजिनवर शिंपडलं. टर्बोला प्रसाद नको का?"

"चाकावर शिंपडा म्हणत होते मी!" गाडीत बसलेल्या काकू कडाडल्या.

टर्बोचा दाब वाढला की प्लगची ठिणगी आत पडायची सोडून त्या ओलीतून बाहेरच पळत होती. हवा मारून खड्डा सुकवला, प्लग आणि वायर बदलली. फेरी मारली तेव्हा झटका बसला नाही.

"पोचलो की फोन करतो," म्हणून काका निघाले. फोन अजून आलेला नाही.

आज मुंबईहून कुणी आलं असेल तर सांगा, कसारा घाटात काकांची पांढरी गाडी कडेला उभी नव्हती ना?