पालुपद कोण उचलणार

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत होतात. तुमच्या बाबानं माझ्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत, आणि त्यातल्या एका गाण्यात मध्येच कुणी बाई भलतीच बेसूर गाते, ती कोण, असं विचारत होतात. ती मी. तो आवाज तिथे कसा आला हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. मला क्रमानं लिहायची सवय आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात जवळजवळ प्रत्येक गल्लीत बायकांचं एखादं गाणारं मंडळ होतं. कुठे भजन, कुठे भावगीतं, कुठे नुसती जात्यावरची गाणी. दुपारी भांडी आवरली की कुणाच्या तरी सोप्यात सतरंजी पडायची. ही मंडळं एकमेकींना ओळखतही नसत. त्यांना एकत्र आणलं इचलकरंजीच्या एका बाईंनी. त्यांच्या घरचे माग होते. सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येई आणि त्या बोलतही तशाच, समोरचा नदीपलीकडे उभा असल्यासारख्या. एस.टी.नं गावोगाव फिरून त्यांनी सांगली-सोलापूरपासून पार नागपूरपर्यंतची मंडळं जोडली, राज्याचा महासंघ उभा केला आणि त्याच्या अध्यक्ष झाल्या. सगळ्या त्यांना काकी म्हणत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पत्रव्यवहार नीट करणारी, म्हणून चिटणीस. शिवाय मी पेटी वाजवायचे. गात मात्र नव्हते. लहानपणी गाण्याच्या मास्तरांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं की मुलीचा हात चांगला आहे, गळ्याच्या भानगडीत पडू नका.

नवं मंडळ महासंघात घ्यायचं तर सुरुवातीला हात वर करून मतं घेत. पण कुणाचा हात खाली राहिला हे बायका वर्षभर विसरत नसत. म्हणून काकींनी वेगळी रीत घातली. नव्या मंडळानं वार्षिक मेळाव्यात एक गाणं म्हणायचं. पेटीवर जुन्या मंडळातली बाई बसणार. मुख्य गायिकेनं पालुपदाची अर्धी ओळ म्हणून थांबायचं, तिच्या साथीदारणींनीही गप्प राहायचं. उरलेली अर्धी ओळ सभागृहानं उचलली की मंडळ आपलं. नाही उचलली तर परत. मी नियम लिहून काढताना विचारलं होतं, किती जणींनी उचलायला हवी? काकी म्हणाल्या, "मला ऐकू आलं म्हंजे झालं." सगळ्या हसल्या होत्या. तोवर कुठलंही मंडळ परत गेलं नव्हतं. अर्धी ओळ कानावर पडली की गाणाऱ्या बायकांना राहवतच नाही.

मग तुमच्या आजोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात एक हेड सिस्टर होत्या. ड्रेसिंग बदलताना त्या गुणगुणत. त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध बायकांचं मंडळ होतं. त्यात शिक्षिका होत्या, पोस्टात काम करणारी होती, रोजानं शेतात जाणाऱ्याही होत्या. गाणी बुद्धाची, आणि बरीचशी सिस्टरांनी स्वतः रचलेली. मी म्हटलं, आमच्या महासंघात या. त्यांनी हातातली पट्टी गुंडाळत विचारलं, "आमचं पालुपद उचलतील तुमच्या बायका?"

मी म्हटलं, का नाही उचलणार?

"तुम्ही उचलाल?"

मी गात नाही, पेटी वाजवते, असं मी सांगितलं.

"मग सोपं हाय की तुमचं," त्या म्हणाल्या.

त्यांचा अर्ज आला आणि थोड्याच दिवसांत शाहूपुरीच्या मंडळाच्या प्रमुख माझ्याकडे चहाला आल्या. कापडाच्या पेढीवाल्यांच्या घरच्या, वागायला अतिशय गोड. त्या म्हणाल्या, आमची कुणाला ना नाही. आम्ही येऊ, बसू, टाळ्याही वाजवू. पण पालुपद म्हणजे मनातून यायची गोष्ट, त्याची सक्ती कशी करणार? "तोंड ज्याचं त्याचं, न्हाय का वहिनी?" असं म्हणून त्यांनी माझ्या चिवड्याचं कौतुक केलं.

त्या गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या. आमची रीत किती भयंकर आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुणी विरोधात बोलायला नको, हात खाली ठेवायला नको. नुसतं गप्प बसलं की झालं. त्या गप्प बसण्याला कुणाचंही नाव नसतं. आणि अर्ध्या महाराष्ट्रासमोर सिस्टर अर्धी ओळ घेऊन उभ्या राहणार, त्यांची कॉलेजातली लेक मागे कोरसमध्ये बघत असणार. एकदा तसं झालं की ते मंडळ पुन्हा कुठेही गाणार नाही, हे मला दिसत होतं. मला जेवण जाईना. आजोबा म्हणाले, या वर्षी येऊ नका म्हणून सांग त्यांना, सोपा उपाय.

ते सांगायलाच मी त्यांच्या वस्तीत गेले. तालीम चालली होती. मी दारातच उभी राहिले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर आल्या.

"भ्यालाय व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"मी बी."

मी विचारलं, मग काय करायचं?

"काय करायचं? पोरींनी साड्या इस्त्रीला टाकल्यात."

सांगायला आले होते ते न सांगताच मी परत फिरले.

मेळावा शाहूपुरीतल्याच एका मंगल कार्यालयात होता. मी नेहमीप्रमाणे मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. दुपारची जेवणं उरकून बायका पान चघळत बसल्या होत्या. सिस्टरांचा आवाज भारदस्त होता, पट्टी काळी दोन. मी सूर धरला. गाणं त्यांच्या आईवर होतं. जन्मभर अंगठा उठवणारी बाई बुद्धाच्या वाटेला लागते, म्हातारपणी अक्षर शिकते, अशी गोष्ट. पहिलं कडवं झालं. मग सिस्टरांनी ओळ टाकली, "अंगठा पुसून आईनं माझ्या", आणि थांबल्या.

पुढचं होतं, "सही केली गं, सही केली." ते पहिल्या कडव्याआधी सगळ्यांनी दोनदा ऐकलं होतं.

कुणी म्हणालं नाही. ढोलकी चालू, माझी पेटी चालू. शाहूपुरीच्या बायका मांडीकडे पाहत होत्या. एक बांगड्या सारख्या करत होती. बिद्रीकडच्या खेड्यांतून आलेल्या बायका शाहूपुरीच्या बायकांकडे पाहत होत्या. काकी पुढच्या खुर्चीवर कानामागे तळवा धरून बसलेल्या. चौघीजणी कुजबुजत म्हणाल्या तरी यांना काय ऐकू येणार, असं मनात आलं. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मानेवरची शीर तेवढी दिसत होती.

ओळ आणखी एकदा सोडायची मुभा होती. त्यांनी ती सोडली. पुन्हा तेच. ढोलकीवरच्या बाईचा हात अडखळला. आता ठेका तुटणार असं वाटलं आणि त्याच क्षणी मी गायले. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. माणूस भीतीनं किंचाळतं, तसं ते तोंडातून आलं. बोटं बरोबर सुरावर होती, गळा दुसरीकडेच कुठेतरी.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं काय झालं कोण जाणे, पण ताठलेल्या माना जरा हलल्या. बिद्रीकडची एक वयस्क बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, माझ्याकडे चिडून पाहत होती. तिनं तीच ओळ नीट सुरात म्हटली, बहुधा मला दुरुस्त करायला. ती म्हणत गेली तशा तिच्या शेजारणी मिळाल्या. शाहूपुरीच्या रांगेतून एक तरुण सून मिळाली. प्रमुखांनी वळून पाहिलं तेव्हा तिनं आवाज बारीक केला, पण थांबली नाही. बाकीचं सभागृह मात्र गप्पच होतं. सगळ्या गायल्या असं मी तुम्हांला सांगणार नाही.

गाणं संपताच प्रमुख उठल्या. चार बायका म्हणजे सभागृह नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आणि चिटणीस तर पेटीवर होत्या, त्या कशा धरायच्या? बोलणं गोडच होतं. आणि त्यांचा मुद्दा मला खोडता येत नव्हता.

काकींनी कानामागचा हात काढला. "मला ऐकू आलं," त्या नदीपलीकडच्या आवाजात म्हणाल्या. "मंडळ आपलं झालं. चहा आणा."

शाहूपुरीचं मंडळ पुढच्या वर्षी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आलं.

सिस्टर मंचावरून उतरल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं, दवाखान्यात धरत तसं. "बाई, नाडी किती पळतीया तुमची."

"आणि तुमची?"

"माझी कोण बघणार?"

मला नाडीतलं काही कळत नाही. पण मी त्यांचं मनगट धरून उभी राहिले.

पुढे एकदा इचलकरंजीला गेले असताना मी काकींना विचारलं, त्या दिवशी खरंच ऐकू आलं होतं का? बिद्रीच्या बायका तर हळू गात होत्या.

"त्यांचं कुठलं ऐकू येतंय. तुमचं आलं. मागात धोटा अडकला की असाच आवाज येतो बघा. तेवढा मला अजून कळतो की."

काकींनंतर, दोन हजार सालानंतर केव्हातरी, सिस्टर महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. ही रीत आता बंद करू, पुन्हा हात वर करायला लावू, असं मी त्यांना सुचवलं. कारण दर मेळाव्यात कुणी नवी बाई अर्धी ओळ सोडून उभी राहिली की माझे हात गार पडत. ती भीती कधी गेली नाही. सिस्टरांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "हात वर करून घेतलं असतं मला, तर मी कवाच इसरले असते."

रीत तशीच राहिली. मी पेटीवर बसायचं तेवढं सोडलं आणि सभागृहात बसू लागले. अर्धी ओळ आली की सगळ्यांच्या आधी उचलायचे. तुमच्या आजोबांना माझ्या घरातल्या गाण्याच्या सरावाचा फार त्रास झाला.

आता कॅसेट ऐकते तेव्हा नवल वाटतं. ते गप्प राहणं त्यात अगदी थोडं आहे, एक श्वास घेऊन सोडावा इतकं. तुमचा बाबा म्हणत होता की ती जागा आणि तो बेसूर आवाज काढून गाणं साफ करता येतं. त्याला सांगा, काढू नकोस. आणि तुम्ही ते ऐकाल तेव्हा माझ्यावर हसून झालं की पुढे थोडं थांबा. एक म्हातारी बाई रागानं, अगदी बारीक आवाजात, तीच ओळ नीट म्हणते. आवाज वाढवलात तर ऐकू येईल.