बिराजदार बाईंनी ऐकलेला सूर

बिराजदार बाई गेल्या, हे त्यांच्या मुलीनं मुखेडहून फोन करून सांगितलं. त्याला आता महिना होईल... शाळा सोडून मला वर्षं झाली, तरी कविता वाचताना त्यांचा आवाज कानात येतोच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि शाळेच्या आडाला पाणी नव्हतं. मी मराठीचा नवा शिक्षक, बाई तिथल्याच मराठीच्या जुन्या शिक्षिका, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. नववीच्या वार्षिक परीक्षेत हिरव्या माळावरची एक कविता देऊन मी विचारलं होतं, 'कवितेतील भाव कोणता?' माझ्या लेखी उत्तर एकच, आनंद. सुशीलानं लिहिलं, 'दुःख'. मी शून्य दिलं. त्यामुळं ती थोडक्यात नापास झाली आणि वडील तिचं नाव काढायलाच शाळेत आले. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पेपर मागवला आणि सुशीलाला माझ्यासमोरच विचारलं,

"दुःख कुठं दिसलं तुला? शब्द दाखव."

"बाई, गवत डोलत होतं, ओढा वाहत होता... समदं 'होतं'च हाय. आता न्हाई, म्हनून तर आठवून राहिलाय त्यो कवी."

कविता मला तोंडपाठ होती, पण क्रियापदांकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. बाई मला टोचून बोलल्या नाहीत. "सर, माळ हा विषय झाला. कवी कुठं उभा राहून माळाकडं बघतोय, त्यावर सूर ठरतो," एवढंच म्हणाल्या. मी गुण वाढवले. सुशीला शाळेत राहिली, आज ती भोकरला शिक्षिका आहे.

बाईंपुढं काहीही खपायचं असं मात्र नाही. दुष्काळ आहे म्हणून प्रत्येक कवितेत रडणं शोधणाऱ्याला त्या थांबवायच्या, "हे तुझ्या मनातलं झालं. कवितेतलं सांग."

परवा मुखेडला जाऊन आलो. मुलीनं बाईंचं जुनं पाठ्यपुस्तक हातात दिलं. त्या कवितेच्या समासात पेन्सिलीनं सुशीलाचं म्हणणं लिहिलेलं होतं, नावासकट. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, माझं... 'सर म्हणतात, आनंद. शेवटच्या कडव्यात मात्र "उगवेल" हा भविष्यकाळ आहे. सरांचंही खोडू नये.'