दारामागची रेघ

मंडळी, सध्या मी मातीचे वाडगे करतेय, पण त्यांवर काय काढावं ते सुचत नव्हतं. मोबाईलवर परदेशी भांड्यांचे फोटो बघून आणखीच गोंधळले.

आज सकाळी आमच्या मांजर्लीच्या इमारतीत तळमजल्यावरच्या शिंदेकाकूंकडे रंगकाम चालू होतं. रंगारी दारामागच्या भिंतीकडे वळताच काकू ओरडल्या, "भैया, वो पट्टा छोडो!"

तिथे पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती. खाली गडद, वर विरत गेलेली.

"ही कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"फ्रिज किती उंचावर ठेवायचा ते कळायला नको?"

"काकू, ही रेघ वाडग्यावर काढू?"

"माझा सोफा गेला त्यात, आणि तुला नक्षी दिसते होय गं?" त्या हसल्या. "काढ. पण एक वाडगा मला दे."

घरी येऊन ओल्या वाडग्यावर गेरूने रेघ ओढली. छान आली, म्हणूनच बहुधा मनात खुटखुटलं. मी राहते चौथ्या मजल्यावर.

काकू हो म्हणाल्या, तरी तुम्हाला विचारते. ज्या पाण्यात आपले पायसुद्धा भिजले नाहीत, त्याची रेघ आपल्या भांड्यावर काढावी का?